मैलापाणी शुद्धीकरण केंद्राची तपासणी

मैलापाणी शुद्धीकरण केंद्राची तपासणी म्हणजे शहर किंवा गावातील सांडपाण्यावर प्रक्रिया करणारे केंद्र ठरवून दिलेल्या क्षमतेने व मानकांनुसार चालते की नाही, आणि त्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा नदीवर काय परिणाम होतो, याची पद्धतशीर पाहणी होय. या तपासणीत केंद्रातील यंत्रसामग्री व नोंदींची पाहणी, आवक व जावक पाण्याच्या नमुन्यांचे विश्लेषण आणि नदीच्या वरच्या व खालच्या बाजूच्या पाण्याची तुलना अशी तीन अंगे असतात. महाराष्ट्रात ही जबाबदारी प्रामुख्याने महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आहे.

केंद्राच्या जावक पाण्याचा नमुना मानकांत बसणे आणि नदी स्वच्छ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शहरातील काही मैलापाणी केंद्रापर्यंत पोहोचतच नसेल किंवा नदीत ते सामावून घेण्याइतका प्रवाह नसेल, तर केंद्र उत्तम चालूनही नदी प्रदूषित राहू शकते. त्यामुळे केवळ जावक नळापुरती मर्यादित असलेली तपासणी अपुरी ठरते.

## पार्श्वभूमी

मैलापाण्याच्या मोजमापाची आधुनिक पद्धत ब्रिटनमध्ये घडली. तेथे १८९८ मध्ये नेमलेल्या मैलापाणी विल्हेवाट आयोगाने १९१२ च्या आपल्या आठव्या अहवालात जावक पाण्यासाठी दोन मर्यादा सुचवल्या : जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी (बीओडी) प्रतिलिटर २० मिलिग्रॅम आणि निलंबित घनपदार्थ प्रतिलिटर ३० मिलिग्रॅम. हे मानक ‘२०:३०’ या नावाने जगभर प्रसिद्ध झाले. या मर्यादांमागे एक अट होती. जावक पाण्यात मिसळण्यासाठी नदीत किमान आठ पट स्वच्छ पाणी वाहते असावे, असे त्यात गृहीत धरले होते.

१९१४ मध्ये मँचेस्टर येथे अर्डर्न आणि लॉकेट यांनी सक्रिय गाळ पद्धती मांडली. १९२५ मध्ये अमेरिकेत स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी ओहायो नदीच्या अभ्यासावरून, मैलापाणी मिसळल्यावर नदीतील विरघळलेला ऑक्सिजन कसा घटतो व पुढे कसा भरून येतो, याचे गणिती सूत्र दिले. आजच्या तपासणीची शास्त्रीय बैठक या तीन टप्प्यांवर उभी आहे.

## कायदेशीर तरतुदी

महाराष्ट्राने जलप्रदूषणासंबंधी स्वतंत्र कायदा १९६९ मध्ये केला आणि त्यानुसार ७ सप्टेंबर १९७० रोजी राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. केंद्र सरकारचा जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ राज्यात १९८१ पासून लागू झाला. तपासणीच्या दृष्टीने या अधिनियमातील पुढील कलमे महत्त्वाची आहेत.

* कलम १७ : मैलापाणी, औद्योगिक सांडपाणी आणि त्यांच्या प्रक्रिया केंद्रांची पाहणी करणे हे राज्य मंडळाच्या कार्यांपैकी एक आहे.
* कलम २१ : मंडळाला पाण्याचा नमुना घेण्याचा अधिकार आहे. नमुना पुरावा म्हणून ग्राह्य धरला जावा यासाठी त्याचे विश्लेषण करण्याचा इरादा नोटिशीद्वारे कळवावा लागतो. जागेच्या भोगवटादाराच्या किंवा त्याच्या प्रतिनिधीच्या उपस्थितीत नमुन्याचे दोन भाग करून ते मोहोरबंद करावे लागतात व त्यांवर दोन्ही पक्षांच्या सह्या घ्याव्या लागतात.
* कलम २३ : मंडळाने अधिकार दिलेल्या व्यक्तीला कोणत्याही वेळी जागेत प्रवेश करून यंत्रे, नोंदवह्या व कागदपत्रे तपासता येतात.
* कलम २५ : मैलापाणी सोडण्यासाठी मंडळाची पूर्वसंमती आवश्यक असते. या संमतिपत्रातील अटी हाच तपासणीचा मुख्य आधार असतो.
* कलम ३३ अ : मंडळाला सुधारणेचे किंवा बंदीचे निर्देश देता येतात.
* कलम ४९ : मंडळाला ६० दिवसांची नोटीस देऊन नागरिकालाही न्यायालयात तक्रार दाखल करता येते.

नमुना घेताना कलम २१ मधील एखादी पायरी चुकली, तर प्रयोगशाळेचा निष्कर्ष अचूक असूनही तो न्यायालयात टिकत नाही. त्यामुळे शास्त्रीय काटेकोरपणाइतकेच महत्त्व कार्यपद्धतीला आहे.

## मानके

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने १३ ऑक्टोबर २०१७ रोजी मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांसाठी मानके अधिसूचित केली. ३० एप्रिल २०१९ रोजी राष्ट्रीय हरित लवादाने अधिक कडक मानके लागू करण्याचा आदेश दिला. नदीतील स्नानयोग्य पाण्याचे निकष यांहून वेगळे आहेत.

| घटक | २०१७ : महानगरे | २०१७ : इतर क्षेत्रे | हरित लवाद, २०१९ | स्नानयोग्य नदीपाणी |
|---|---|---|---|---|
| बीओडी (मि.ग्रॅ./लिटर) | २० | ३० | १० | ३ किंवा कमी |
| निलंबित घनपदार्थ (मि.ग्रॅ./लिटर) | ५० पेक्षा कमी | १०० पेक्षा कमी | २० | – |
| विष्ठाजन्य कोलिफॉर्म (प्रति १०० मि.लि.) | १,००० पेक्षा कमी | १,००० पेक्षा कमी | कमाल २३० | कमाल २,५०० |
| विरघळलेला ऑक्सिजन (मि.ग्रॅ./लिटर) | – | – | – | ५ किंवा अधिक |

केंद्रातून सुटणाऱ्या पाण्याला बीओडी २० किंवा ३० पर्यंत मुभा असली, तरी स्नानयोग्य नदीत ती ३ च्या आत असावी लागते. या दोन आकड्यांमधील अंतर नदीच्या प्रवाहाने भरून काढावे, अशी अपेक्षा असते.

## केंद्रातील तपासणी

### आवक

तपासणीची सुरुवात केंद्रात येणाऱ्या पाण्यापासून होते. प्रवाहमापकाची नोंद केंद्राच्या क्षमतेशी व शहरातील पाणीपुरवठ्याशी ताडून पाहिली जाते. नागरी भागात पुरवलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी सांडपाण्याच्या रूपाने परत येते, असे नियोजनात धरले जाते. आवक याहून बरीच कमी असेल, तर उरलेले पाणी नाल्यांतून थेट नदीत जात असण्याची शक्यता असते. उपसा केंद्रांतील पंप बंद असणे, मलवाहिन्या तुंबणे किंवा फुटणे आणि घरांच्या जोडण्या नसणे ही त्याची नेहमीची कारणे होत. केंद्राला वळसा घालून पाणी सोडणारी वाहिनी (बायपास) व तिची झडपही पाहिली जाते.

### प्रक्रियेचे टप्पे

* जाळ्या व वाळूची टाकी : प्लास्टिक, चिंध्या व वाळू येथे अडवली जाते. रोज काढलेल्या कचऱ्याची नोंद असावी लागते.
* प्राथमिक निवळण टाकी : जड पदार्थ तळाशी बसतात. पृष्ठभागावर गाळाचे तरंगणारे थर व बुडबुडे दिसल्यास तळातील गाळ वेळेवर काढला जात नसल्याचे समजते.
* वायुवीजन टाकी : येथे जिवाणू सेंद्रिय पदार्थ खातात. ऑक्सिजनचे प्रमाण साधारणतः प्रतिलिटर २ मिलिग्रॅमच्या आसपास राखले जाते. निरोगी गाळ तपकिरी असतो व त्याला ओल्या मातीसारखा वास येतो. काळा रंग व कुजका वास ऑक्सिजनची कमतरता दाखवतो.
* दुय्यम निवळण टाकी : जिवाणूंचा गाळ खाली बसून वरचे निवळ पाणी बाहेर पडते. एक लिटरच्या मोजपात्रात ३० मिनिटांत गाळ किती बसतो, ही चाचणी जागेवरच करता येते.
* निर्जंतुकीकरण : क्लोरीन किंवा अतिनील किरणांचा वापर होतो. क्लोरीन कमी पडल्यास जंतू उरतात, तर अवाजवी वापरल्यास जलचरांना इजा होते.

क्रमिक बॅच पद्धतीच्या केंद्रांत वायुवीजन व निवळणे एकाच टाकीत आळीपाळीने होते. तेथे प्रत्येक आवर्तनाची वेळ तपासली जाते.

### नोंदींचा ताळमेळ

तपासणीच्या दिवशी केंद्र नीटनेटके चालवणे सोपे असते. वर्षभराची स्थिती नोंदींवरून कळते, आणि त्यांतही वीज व गाळ या दोन बाबी विशेष बोलक्या असतात. वायुवीजन यंत्रांना भरपूर वीज लागते. त्यामुळे प्रक्रिया झालेल्या पाण्याचा आकडा मोठा आणि वीजबिल लहान असेल, तर त्या आकड्याची फेरतपासणी करावी लागते. पाणी शुद्ध झाले असेल, तर गाळही निर्माण झालेला असतो. तो किती निघाला, कोठे वाळवला व कोठे नेला, याची नोंद नसल्यास तो पाण्याबरोबर नदीत गेला असण्याची शंका येते. वीज खंडित झाल्यावर जनित्र किती तास चालले, याची नोंदही पाहिली जाते.

## नमुने घेण्याची पद्धत

मैलापाण्याचा प्रवाह व तीव्रता दिवसभर बदलत असते. सकाळी प्रवाह वाढतो, मध्यरात्रीनंतर तो घटतो. एका क्षणी घेतलेला नमुना त्या क्षणापुरताच खरा असतो. म्हणून ठरावीक अंतराने, प्रवाहाच्या प्रमाणात पाणी घेऊन २४ तासांचा संमिश्र नमुना तयार करणे अधिक विश्वसनीय मानतात. कोलिफॉर्म, सामू, उर्वरित क्लोरीन व विरघळलेला ऑक्सिजन या घटकांसाठी मात्र क्षणिक नमुनाच घ्यावा लागतो.

कोलिफॉर्मचा नमुना निर्जंतुक बाटलीत घेतात. पाण्यात क्लोरीन असेल, तर बाटलीत आधी सोडियम थायोसल्फेट घालतात. तसे न केल्यास प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत क्लोरीन जंतू मारत राहतो आणि निष्कर्ष प्रत्यक्षापेक्षा चांगला येतो. विरघळलेल्या ऑक्सिजनचे मापन जागेवरच करतात किंवा नमुना तेथेच रसायनांनी स्थिर करतात. बीओडीचा नमुना बर्फात ठेवून लवकरात लवकर प्रयोगशाळेत न्यावा लागतो. ही चाचणी मुळात २० अंश सेल्सिअसला पाच दिवसांची असून भारतात ती २७ अंशांना तीन दिवसांत करण्याची पद्धत रूढ आहे.

## नदीतील तपासणी

नदीवरील परिणाम ठरवण्यासाठी किमान तीन ठिकाणी नमुने घेतले जातात : जावक पाणी मिसळण्याच्या वरच्या बाजूस, पाणी पूर्ण मिसळल्यानंतर आणि आणखी काही अंतर खाली. वरच्या बाजूचा नमुना नसेल, तर प्रदूषण केंद्रामुळे झाले की ते आधीच होते, हे सांगता येत नाही. मधल्या भागात मिळणाऱ्या प्रत्येक नाल्याचा नमुना व प्रवाह स्वतंत्रपणे मोजावा लागतो.

ऑक्सिजनची सर्वांत मोठी घट जावक नळाच्या तोंडाशी होत नाही. जिवाणू सेंद्रिय पदार्थ खाऊ लागतात तसा ऑक्सिजन घटत जातो आणि त्याचा नीचांक काही अंतर खाली आढळतो. स्ट्रीटर–फेल्प्स सूत्राने दाखवलेल्या या वक्रामुळे नळाजवळचा एकच नमुना दिशाभूल करू शकतो. २५ अंश सेल्सिअसच्या स्वच्छ पाण्यात प्रतिलिटर सुमारे ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो. तापमान वाढले की हे प्रमाण घटते, म्हणून उन्हाळ्यात नदीची सहनशक्ती कमी होते. पहाटेच्या वेळी वनस्पतींचे प्रकाशसंश्लेषण थांबलेले असल्याने ऑक्सिजन सर्वांत कमी असतो. मासे मरण्याच्या घटना अनेकदा याच वेळी घडतात.

रासायनिक चाचण्यांना जैविक पाहणीची जोड देतात. मेफ्लाय व स्टोनफ्लाय या कीटकांची पिल्ले स्वच्छ, ऑक्सिजनयुक्त पाण्यात आढळतात, तर गाळात राहणारे ट्युबिफेक्स किडे व लाल रंगाच्या कायरोनोमिड अळ्या प्रदूषित पाण्यातही तग धरतात. पाण्याचा नमुना एका दिवसाची स्थिती सांगतो, तळातील जीव मात्र मागील काही आठवड्यांची स्थिती सांगतात. जलपर्णीचा दाट थर पाण्यात नायट्रोजन व फॉस्फरस वाढल्याचे लक्षण मानला जातो.

## केंद्राची कार्यक्षमता आणि नदीवरील भार

केंद्राच्या चाचणीचा निकाल व नदीची स्थिती यांत अंतर का पडते, हे पुढील काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होते. एका शहरात रोज १ कोटी लिटर मैलापाणी निर्माण होते व त्याची बीओडी प्रतिलिटर २०० मिलिग्रॅम आहे. म्हणजे एकूण सेंद्रिय भार दिवसाला २,००० किलोग्रॅम झाला. केंद्र बीओडी २० पर्यंत खाली आणते, म्हणजे त्याची कार्यक्षमता ९० टक्के आहे. परंतु केंद्रात रोज ६० लाख लिटरच पाणी पोहोचते व ४० लाख लिटर नाल्यांतून नदीत जाते.

* केंद्रातून नदीत जाणारा भार : १२० किलोग्रॅम
* नाल्यांतून नदीत जाणारा भार : ८०० किलोग्रॅम
* एकूण : ९२० किलोग्रॅम, म्हणजे मूळ भाराच्या ४६ टक्के

अहवालात केंद्र ९० टक्के कार्यक्षम दिसते, पण शहराचा नदीवरील भार केवळ ५४ टक्क्यांनी घटलेला असतो.

प्रवाहाचेही तसेच आहे. नदीच्या पाण्याची बीओडी २ असेल व आठ पट पाणी वाहत असेल, तर बीओडी २० असलेले जावक पाणी मिसळल्यावर ती ४ होते. १९१२ च्या मानकामागील गणित हेच होते. चार पट पाणी असल्यास ती ५.६ होते. नदी कोरडी असेल, तर नदीपात्रात वाहणारे पाणी म्हणजे जावक पाणीच असते आणि बीओडी २० राहते. दख्खनच्या पठारावरील बहुतेक नद्या पावसावर अवलंबून असून हिवाळ्यानंतर त्यांचा प्रवाह झपाट्याने आटतो. अनेक नद्यांचे पाणी वरच्या बाजूस धरणांत अडवलेले असते. त्यामुळे पावसाळ्यात घेतलेला नमुना आणि एप्रिल–मे महिन्यांतील नमुना यांची सरळ तुलना करता येत नाही.

## महाराष्ट्रातील स्थिती

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार महाराष्ट्राच्या नागरी भागात दिवसाला सुमारे ९,१०७ दशलक्ष लिटर मैलापाणी निर्माण होते. उभारलेल्या केंद्रांची क्षमता ६,८९० दशलक्ष लिटर व त्यांपैकी कार्यरत क्षमता ६,३६६ दशलक्ष लिटर होती, मात्र प्रत्यक्ष वापर ४,२४२ दशलक्ष लिटरचाच होता. म्हणजे निर्माण होणाऱ्या मैलापाण्यापैकी निम्म्याहून कमी पाण्यावर प्रक्रिया होत होती आणि कार्यरत क्षमतेपैकी सुमारे एक-तृतीयांश क्षमता वापराविना होती. याच मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशात नद्यांचे ३११ प्रदूषित पट्टे नोंदवले गेले. त्यांपैकी ५५ महाराष्ट्रात होते व ही संख्या सर्व राज्यांत सर्वाधिक होती.

### मुळा-मुठा, भीमा आणि उजनी

पुणे महानगरपालिकेने भैरोबा नाला, नायडू, विठ्ठलवाडी, मुंढवा, खराडी, बाणेर, एरंडवणे, बोपोडी व तानाजीवाडी येथे शुद्धीकरण केंद्रे उभारली. ती शहरातील सर्व मैलापाण्याला पुरेशी नसल्याने जपानच्या आंतरराष्ट्रीय सहकार्य संस्थेच्या (जायका) कर्जसाहाय्यातून मुळा-मुठा शुद्धीकरण योजना आखण्यात आली. ९९० कोटी रुपयांच्या या योजनेचा कर्जकरार जानेवारी २०१६ मध्ये झाला. तीत एकूण ३९६ दशलक्ष लिटर क्षमतेच्या ११ नव्या केंद्रांबरोबरच मलवाहिन्यांचाही समावेश आहे.

मुळा-मुठा नदी रांजणगाव सांडस येथे भीमेला मिळते आणि भीमेचे पाणी पुढे उजनी धरणात साठते. सोलापूर व धाराशिव या शहरांना उजनीतून पिण्याचे पाणी मिळते. त्यामुळे पुणे परिसरातील केंद्रांच्या तपासणीचा संबंध मराठवाड्यातील नळाच्या पाण्यापर्यंत पोहोचतो.

### पंचगंगा

कोल्हापूर शहरातील जयंती व दुधाळी हे नाले पंचगंगेच्या प्रदूषणातील प्रमुख स्रोत ठरले होते. ते अडवून त्यांचे पाणी उपसून कसबा बावडा व दुधाळी येथील केंद्रांकडे नेण्याची व्यवस्था करण्यात आली. अशा व्यवस्थेत केंद्राइतकेच महत्त्व नाल्यावरील उपसा केंद्राला असते, कारण तेथील पंप बंद पडले की नाला पुन्हा नदीला मिळतो.

२०१२ मध्ये नदीच्या खालच्या भागातील इचलकरंजी शहरात काविळीची मोठी साथ आली व त्यात रुग्णांचे मृत्यूही झाले. ही साथ हिपॅटायटिस ई विषाणूची होती. पिण्याच्या पाण्यात मैलापाणी मिसळल्याने हा विषाणू पसरतो. त्यानंतर पंचगंगेच्या प्रदूषणाचा प्रश्न जनहित याचिकेद्वारे मुंबई उच्च न्यायालयात गेला. बीओडीची चाचणी विषाणूंबद्दल काहीही सांगत नाही. त्यामुळे जेथे नदीचे पाणी पिण्यासाठी उचलले जाते, तेथे जंतूंच्या चाचण्या व निर्जंतुकीकरणाची तपासणी अनिवार्य ठरते.

### धाराशिव जिल्हा आणि ग्रामीण भाग

धाराशिव जिल्हा पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतो. जिल्ह्यातील तेरणा ही मांजरा नदीची उपनदी असून पुढे मांजरा गोदावरीला मिळते. या नद्या वर्षातील बराच काळ क्षीण किंवा कोरड्या असतात. २०१६ च्या दुष्काळात मांजरा धरण आटल्याने लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी द्यावे लागले होते. अशा प्रदेशात प्रदूषण सौम्य करणारा प्रवाह गृहीत धरता येत नाही. नदीपात्रात सोडलेले सांडपाणी डबक्यांत साचते किंवा झिरपून काठावरील विहिरींत उतरू शकते. म्हणून तपासणीत नदीबरोबर काठावरील विहिरी व कूपनलिकांचे नमुने घेणे आणि त्यांतील नायट्रेट व कोलिफॉर्म तपासणे उपयुक्त ठरते.

धाराशिव तालुक्यातील बेंबळीसारख्या गावांसाठी सांडपाण्याची तरतूद स्वच्छ भारत मिशनच्या (ग्रामीण) दुसऱ्या टप्प्यात आहे. २०२० पासूनच्या या टप्प्यात सांडपाणी व्यवस्थापनासाठी ५,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावांना दरडोई २८० रुपये व त्याहून मोठ्या गावांना दरडोई ६६० रुपयांपर्यंत निधीची मर्यादा ठेवली आहे. शोषखड्डे, परसबागा व स्थिरीकरण तळी हे त्यातील मुख्य उपाय आहेत. नांदेड जिल्ह्यात रोजगार हमी योजनेतून शोषखड्ड्यांची कामे मोठ्या प्रमाणावर झाली. अशा ठिकाणी यंत्रांऐवजी पुढील गोष्टी पाहाव्या लागतात : शोषखड्ड्याच्या तोंडाची गाळणी साफ आहे का, खड्ड्यात शौचालयाचे पाणी सोडलेले नाही ना, तो विहिरीपासून पुरेसा दूर आहे का, तळ्यातील गाळ वेळोवेळी काढला जातो का आणि गावाच्या शेवटी गटाराचे पाणी कोठे जाते.

## मर्यादा

* पूर्वसूचना देऊन केलेल्या तपासणीत केंद्राची नेहमीची स्थिती दिसेलच असे नाही.
* सातत्यपूर्ण नोंद करणारे ऑनलाइन संवेदक उपयुक्त असले, तरी त्यांचे प्रमाणीकरण वेळोवेळी न झाल्यास त्यांचे आकडे विश्वसनीय राहत नाहीत.
* नेहमीच्या चाचण्यांत औषधांचे अंश, जड धातू व विषाणू येत नाहीत.
* मैलापाण्यात औद्योगिक सांडपाणी मिसळत असेल, तर वायुवीजन टाकीतील जिवाणू मरू शकतात. त्यामुळे केंद्रातील बिघाडाचे कारण केंद्राबाहेर असू शकते.
* केंद्र, नाले व नदी यांचे नमुने वेगवेगळ्या दिवशी घेतल्यास भाराचा ताळेबंद मांडता येत नाही.

## हेही पहा

* जलप्रदूषण
* महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ
* मुळा-मुठा नदी
* पंचगंगा नदी
* उजनी धरण
* तेरणा नदी